नळी गुलाबी झाली!

बाजरीच्या मुळाला चिकटून राहणारा एक जिवाणू वनस्पतींचं संप्रेरक स्वतः तयार करतो आणि ते बाजरीला देतो! हे वाक्य मी सध्या भेटेल त्याला ऐकवतोय. ऐकणारे मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. मला मात्र पुढे वळताच येत नाही.

जिवाणू खताचं पाकीट आमच्या घरात पेरणीच्या दिवसांत नेहमी असतं. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवायचं, हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. ‘ॲझोस्पिरिलम’ हे नाव आणि ‘नत्र स्थिर करणारे जिवाणू’ ही ओळ, एवढी त्या पाकिटाची ओळख. आणि मग माझी भाची, जी कृषी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली.

तिने त्याच जिवाणूची वाढ दोन द्रावणांत केली होती. एकात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल होतं, दुसऱ्यात नव्हतं. जिवाणू खाली बसवून वरची निवळी दोन परीक्षानळ्यांत घेतली, त्यांत सालकोव्स्की अभिकर्मक घातला (फेरिक क्लोराइड आणि तीव्र आम्ल यांचं पिवळसर मिश्रण असतं ते) आणि नळ्या अर्धा तास अंधारात ठेवल्या. बाहेर काढल्या तर ट्रिप्टोफॅन नसलेली जवळजवळ होती तशीच, ट्रिप्टोफॅनवाली गुलाबी! लांबून दिसावी इतकी गुलाबी.

“मामा, हे ऑक्सिन. इंडोल ॲसेटिक आम्ल. झाडाच्या शेंड्यात असतं ना, अगदी तेच.”

“पण यात झाड कुठंय?”

“नाहीच! हे जिवाणूंनी केलंय.”

तेव्हापासून मी वाचत सुटलोय, आणि जे सापडतंय ते एकाहून एक अफाट आहे. ऑक्सिन म्हणजे पेशींना लांब व्हायला सांगणारं, मुळांना फांद्या फोडायला लावणारं संप्रेरक. त्यातलं हे इंडोल ॲसेटिक आम्ल १९३४ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला क्योग्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं काढलं ते कशातून, तर माणसाच्या मूत्रातून! पुढच्याच वर्षी केनेथ थिमान यांनी ते एका बुरशीच्या द्रावणातून मिळवलं. मक्याच्या कोवळ्या दाण्यातून ते शुद्ध स्वरूपात हाती यायला १९४०चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे झाडातून वेगळं काढण्याआधीच ते एका सूक्ष्मजीवात सापडलं होतं. खूण समोर होती!

ॲझोस्पिरिलमला प्रकाशात आणलं ब्राझीलच्या योहाना डोबेराइनर यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून तिथे गेलेल्या या बाईंनी रिओ दी जानेरोजवळच्या सेरोपेदिका इथे आयुष्यभर गवतांची मुळं तपासली. त्यांची युक्ती मला फार आवडली. नत्र नसलेलं, धड घट्ट नाही आणि धड पातळ नाही असं माध्यम बाटलीत भरायचं आणि त्यात मुळाचा तुकडा सोडायचा. या जिवाणूला नत्र पकडताना हवा लागते, पण थोडीच. म्हणून तो स्वतःच पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर आपली जागा शोधतो आणि तिथे पांढरा, तलम पापुद्रा धरतो. साध्या डोळ्यांना दिसतो तो! १९७८ साली या जिवाणूला ॲझोस्पिरिलम हे नाव मिळालं आणि मका, गहू, ज्वारीसारखी तृणधान्यंही आता कडधान्यांप्रमाणे हवेतला नत्र वापरतील अशी मोठी आशा जगभर पसरली.

नत्राचा हिशेब मात्र शेतात नीट जुळेना. पिकं सुधारलेली दिसत होती, पण त्या सुधारणेचं श्रेय स्थिर झालेल्या नत्राला द्यावं तर तो पुरेसा भरत नव्हता. मग वाढ कशामुळे?

आणि इथे आपली बाजरी येते! १९७९ साली अमेरिकेत टीएन, गॅस्किन्स आणि हबेल या तिघांनी ॲझोस्पिरिलम ब्रासिलेन्स आणि बाजरी यांच्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. द्रावणात वाढवलेल्या बाजरीच्या रोपांना त्यांनी जिवाणू दिले. मुळांचं रूपच पालटलं. बाजूची मुळं वाढली आणि त्यांच्यावर केशमुळांची दाट लव आली. जिवाणूच्या द्रावणात त्यांना ऑक्सिन सापडलं, शिवाय जिबरेलिन आणि सायटोकायनिन या इतर संप्रेरकांसारखी द्रव्यंही. मग त्यांनी जिवाणू बाजूला ठेवला आणि नुसती शुद्ध संप्रेरकं बाजरीला दिली. तिन्ही एकत्र दिल्यावर मुळांत तसेच बदल दिसले! नगर-नाशिककडच्या कोरडवाहू रानात ज्या पिकावर घरं चालतात, त्याच पिकाच्या मुळांनी हे गुपित सांगितलं याचा मला वेड्यासारखा आनंद झालाय.

पुढे बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी या जिवाणूतलं ऑक्सिन बनवणारं एक महत्त्वाचं जनुक निकामी केलं. ऑक्सिन अगदी थोडं उरलं आणि गव्हाच्या मुळांवरचा परिणामही गेला. पुराव्याची ही साखळी वाचताना मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागलो होतो. ॲझोस्पिरिलमवरच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट कळते, जी प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असायला हवी: मात्रा. दर रोपामागे एक ते दहा लाख जिवाणू असले तर मुळं फोफावतात, फारच जास्त झाले तर मुळांची वाढ दबते. ऑक्सिनचा स्वभावच तसा आहे. पाकिटं जास्त ओतून पीक जास्त येत नाही.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या भागाकडे येतो. मुळातून सतत साखरा, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं झिरपत असतात. त्यांतल्या मॅलिक आम्लाच्या मागाने जिवाणू पोहत मुळापाशी येतो, आणि झिरपलेल्या ट्रिप्टोफॅनपासून ऑक्सिन घडवतो. पिकाने कच्चा माल दिला, जिवाणूने संप्रेरक परत केलं! आणि तो ते सर्वांत जोमाने केव्हा करतो, तर त्याचं स्वतःचं अन्न संपत आलं की. उपासमार सुरू झाली, ऑक्सिन वाढलं. ऑक्सिन वाढलं, मुळं फुटली. मुळं फुटली, की झिरपणारं अन्न वाढलं. मेंदू नसलेल्या, मिलिमीटरचा हजारावा भाग जाड असलेल्या जिवाचा हा व्यवहार आहे!

दुसरीकडे कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात बर्नार्ड ग्लिक यांनी सूडोमोनास जिवाणूंत उलट दिशेची करामत दाखवली. पाण्याचा ताण बसला की झाड एथिलीन हे वायुरूप संप्रेरक बनवतं आणि मुळांची वाढ आवरती घेतं. त्या एथिलीनचा कच्चा माल म्हणजे ‘एसीसी’ नावाचं द्रव्य. हे जिवाणू ते द्रव्यच खाऊन टाकतात, त्यातला नत्र वापरतात, आणि मूळ वाढत राहतं. एक जिवाणू संप्रेरक देतो, दुसरा थांबवणारं संप्रेरक तयारच होऊ देत नाही.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. इस्रायलचे याकोव ओकोन यांनी १९९४ मध्ये जगभरच्या वीस वर्षांच्या शेतचाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साठ ते सत्तर टक्के चाचण्यांत उत्पादन पाच ते तीस टक्के वाढलेलं आढळलं. म्हणजे तीन-चार दशांश चाचण्यांत फरक पडला नाही, हेही मी मुद्दाम सांगतो. जमीन, ओल, आधीपासून असलेले जिवाणू यांवर बरंच अवलंबून असतं. ब्राझीलच्या मारियांजेला हुंग्रिया यांनी ॲझोस्पिरिलमच्या निवडक प्रकारांवर काम करून २०१० मध्ये मक्याची २४ ते ३० टक्के वाढ नोंदवली. २०२५चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांनाच मिळाला.

यंदाच्या खरिपात मी बाजरीचा एक पट्टा बीजप्रक्रियेविना ठेवणार आहे, बाकी रान जिवाणू लावून. तुमच्याकडेही पाकीट असेल तर करून बघा! बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. पाकिटावरची मुदत तपासा आणि ते उन्हात ठेवू नका. पेरणीनंतर तीनेक आठवड्यांनी दोन्हीकडची रोपं काढा, पण उपटून नको, पांढरी मुळी मातीतच तुटून राहते. कुदळीने ढेकळासकट उचला, बादलीत भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या, आणि मुळं पाण्यातच पसरून शेजारी शेजारी बघा.