चादरी परत आल्या का?

गाब्रिएल गार्सिया मार्केसची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ मला वाचायला शिकवली ती पोशेऱ्याच्या एका वारली आजीने. तिला अक्षरओळख नव्हती. तिचं माझ्यावर जितकं ऋण आहे, तितकं कुठल्याच प्राध्यापकाचं नाही.

शिक्षक म्हणून मोखाडा तालुक्यातल्या या गावी राहायला आलो, तेव्हा ग्रेगरी राबासाचा इंग्रजी अनुवाद सोबत होता. १९६७ साली स्पॅनिशमध्ये आलेली ही कादंबरी घाईने वाचताच येत नाही. पिढ्यान् पिढ्या तीच ती नावं, आणि माकोंदो गावावर ४ वर्षं ११ महिने २ दिवस कोसळणारा पाऊस. वीज गेलेल्या मोखाड्याच्या आषाढात तो पाऊस मला मुळीच अचाट वाटला नाही.

आजी शेजारची. नागली पाखडता पाखडता विचारायची, “गुरुजी, तुमच्या त्या गावात आज काय झालं?” मी जमेल तसं मराठीत सांगायचो. रेमेडिओस नावाची देखणी पोर घडी घालायला घेतलेल्या चादरींसकट आभाळात निघून गेली, हे सांगितलं आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, “चादरी कोणाच्या होत्या? परत आल्या का?”

कादंबरीत त्या घरची सून फर्नांडा देवाकडे नेमक्या त्याच चादरी परत मागत राहते. ते मी अजून सांगितलंच नव्हतं!

कादंबरीचा हा सूर आपल्याला आपल्या आजीकडून मिळाला, असं मार्केस सांगायचा. तीही अद्भुतातलं अद्भुत अगदी सहज सांगे. मी ते नुसतं वाचलं होतं, पोशेऱ्यात ऐकलं. धान्यदेवी कणसरी खळ्यात असते, म्हणून तिथे पायात चप्पल घालायची नाही. वाघबारशीला वाघदेवाचा मान त्याला द्यायचा. बोहाड्यात मुखवट्याआड कोणाचा मुलगा नाचतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सोंग समोर आलं की जोडलेले हात खरे असतात.

याच आवाजात शेजारची आजी तलवाड्याचं सांगायची. १० ऑक्टोबर १९४५. लाल बावट्याचे वारली जमले होते, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच माणसं गेली. तिला हे बापाने सांगितलेलं. माकोंदोतही केळीच्या कंपनीच्या मजुरांवर गोळ्या चालतात, आणि पुढे सगळे म्हणू लागतात की असं काही घडलंच नाही. हे ऐकून आजी पहिल्यांदाच चिडली. “घरात सांगणारं कोणी नव्हतं?”

होता एक, होसे आर्कादिओ सेगुंदो. तो ते घरातल्या एका पोराला सांगून जातो, आणि तेच पोर मोठं झाल्यावर जुन्या हस्तलिखितात आपण कोणाचे कोण ते वाचतं.

तिच्या प्रश्नाने मला माझंच घर दिसलं. आमच्या शिकलेल्या घरात पणजीच्या अंगात यायचं, हा विषय कोणी काढत नसे. दिवाळीच्या सुट्टीत मी आईला विचारलं. आधी ती गप्प बसली. मग रात्री उशिरापर्यंत बोलत राहिली. पणजीच्या ओव्या, मंगळवारचा तिचा उपास, दुष्काळात विकावी लागलेली गाय.

परतल्यावर आजीला सगळं सांगितलं. तिने गाईचं नाव विचारलं, आणि मी आईला फोन लावला.