पानीचे पाणी

संगणकाच्या विसरण्याविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा सर्वस्व पुसले जाणेच आपल्या मनात असते. फाइल उघडत नाही, तबकडी बिघडते, पडदा काळा होतो. हे विसरणे प्रामाणिक म्हटले पाहिजे, कारण काहीतरी गेले आहे एवढे तरी ते सांगते. आम्हां दोघा मराठीच्या अध्यापकांना गेल्या पावसाळ्यात जे विसरणे भेटले, ते या जातीचे नव्हते.

आमच्या विभागातील एका दिवंगत प्राध्यापकांनी खेडोपाडी फिरून बोलींतले शब्द जमवले होते आणि 1980च्या दशकाच्या अखेरीस ते झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर चढवून कॅसेटवर साठवले होते. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने हे यंत्र एप्रिल 1982 मध्ये बाजारात आणले. 16 के स्मृतीचे 125 पौंडांना आणि 48 के स्मृतीचे 175 पौंडांना. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती भारतातही विकली. त्यात वापरणाऱ्याला स्वतःची अशी 21 चिन्हे घडवता येत. देवनागरीला ती कुठून पुरणार? म्हणून सरांनी रोमन लिपी पत्करली. लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ. त आणि ट यांचेही तसेच. युक्ती साधी होती, पण सर्वेक्षणाचा सारा जीव तिच्यातच होता. कोणत्या गावी 'पाणी' म्हणतात आणि कोणत्या गावी 'पानी', हेच तर त्यांना नोंदवायचे होते.

सरांचे मूळ यंत्र कधीच मोडीत गेले होते. आम्हांला मिळाले ते 16 केचे, आणि सरांची यादी त्यात मावत नव्हती. एम्युलेटरवर काम भागले असते हे खरे. पण सरांच्या घरच्यांना ती यादी अशाच यंत्रावर उमटलेली पाहायची होती, आणि आम्हांलाही. सुदैवाने या यंत्राच्या पाटीवर वाढीव स्मृतीसाठी जागा मोकळी सोडलेली असते. आठ स्मृतिचिप्स आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या चार तर्कचिप्स बसवल्या की 16चे 48 होतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील साहाय्यकांनी सॉकेट्सचे सोल्डरिंग इतके नेटके केले की पाहत राहावे.

त्या आठ चिप्सचा इतिहास मात्र सांगण्याजोगा आहे. खर्च वाचवण्यासाठी सिंक्लेअरने येथे 64 किलोबिटच्या अशा चिप्स वापरल्या, ज्यांचा एक अर्धा भाग कारखान्यातच सदोष ठरला होता. चांगला अर्धा कोणता ते पाहून पाटीवर एक तार जोडायची आणि वाईट अर्ध्याकडे कायमची पाठ फिरवायची. टाकाऊतून टिकाऊ हे आपल्याकडच्या गृहिणींना नवे नाही. पण लक्षावधी घरांतले संगणक अर्ध्या निकामी स्मृतीवर चालले, ही कल्पना आम्हांला अजूनही विलक्षण वाटते. आम्ही घेतलेल्या जुन्या चिप्सही याच वंशाच्या होत्या.

यंत्र सुरू झाले. स्मृतीचे शेवटचे घर कोणते असे विचारता 65535 असे खणखणीत उत्तर आले. कॅसेट बिनतक्रार वाचली गेली. पडद्यावर यादी सरकू लागली आणि मध्येच अंकांच्या जागी रंग बदलू लागले, मोकळ्या जागी प्रश्नचिन्हे दिसू लागली. हे निदान दिसले तरी. खरा घात अक्षरांत होता. एकाच गावाच्या नोंदींत 'पानी', 'लोनी', 'कोन' यांच्या जोडीला मध्येच एक तालेवार 'आणि' दिसला. 'वेल'च्या जागी 'वेळ' होता, 'दात'च्या जागी 'दाट'. सारे शब्द मराठीतलेच, शंका घ्यावी असे काहीच नाही.

कारण शोधले तेव्हा ते जितके क्षुद्र तितकेच भेदक निघाले. रोमन लिपीच्या संगणकीय संकेतात लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक असतो तो केवळ एका बिटाचा, 32 किमतीच्या. लहान एन 110, मोठा 78. स्पेक्ट्रममध्ये अक्षराचे आठ बिट आठ वेगळ्या चिप्समध्ये राहतात. त्यांपैकी 32चा बिट सांभाळणारी चिप काही घरांत 1 धरून ठेवू शकत नव्हती. मग मोकळ्या जागेचे 32 शून्य होई, अंक रंगाची आज्ञा बने, आणि न चा ण. म्हणजे स्मृती आजारी पडून गावकऱ्यांची भाषा शुद्ध करीत होती! बोलींचे असे प्रमाणीकरण आजवर पाठ्यपुस्तकांनी केलेले आम्ही पाहिले होते.

मग यंत्राने स्वतःला निर्दोष का म्हणावे? सुरू होताच ते प्रत्येक घरात 2 ठेवते आणि तो दोनदा एकेकाने घटवून शून्य येते का पाहते. या परीक्षेत वरच्या सहा बिटांपैकी एखादा कायमचा 1 होऊन बसला असेल तर सापडतो. जो 1 होऊच शकत नाही, त्याला कोणी विचारीतच नाही. कॅसेटची तपासणीही आलेल्या ध्वनीपुरती. स्मृतीत काय उरले ते ती पाहत नाही. 'व्हेरिफाय' ही आज्ञा मात्र स्मृती आणि कॅसेट ताडून पाहते. ती दिल्यावर लगेच चूक दाखवली गेली.

पुढे 32767च्या वरची सारी जागा मोकळी करून आम्ही प्रत्येक घरात 255 लिहिले आणि परत वाचले. चाळीस हजारांच्या आसपासपासून ठरावीक अंतराने 223 येऊ लागले, वजाबाकी 32. चिप वाईट की सॉकेट, हे ठरवण्यासाठी साहाय्यकांनी संशयित चिपची पहिल्या बिटाच्या चिपशी अदलाबदल केली. आता वाचन आले 254, म्हणजे दोष चिपबरोबर हलला होता. आणि गंमत अशी, की दोष तळच्या बिटावर येताच यंत्राच्या स्वपरीक्षेनेही तो पकडला. 65535 ऐवजी ते स्मृतीचा शेवट चाळीस हजारांच्या अलीकडे सांगू लागले.

तिच्या जागी 4164 ही पूर्ण निर्दोष चिप बसवली. ती त्याच खाचांत बसते. व्हेरिफाय निर्विघ्न झाले. यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली तेव्हा त्या गावी 'पाणी' म्हणणारेही चार जण निघाले. त्यांच्या नोंदी आता सरांच्याच आहेत.