हवाबंद

दिवाळी आणि पाऊस यांची गाठ सोलापुराकडे क्वचितच पडते. चेन्नईत मात्र ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात उतरतो तो डिसेंबरापर्यंत मुक्कामाला असतो, आणि दिवाळी नेमकी त्याच्या तावडीत सापडते. तिकडच्या कोरड्या हवेत भाजलेल्या पोह्यांचा चिवडा येथे बशीत उघडा ठेवावा, तर कॉफी गाळून होईतो तो सादळू लागतो.

केंद्र सरकारच्या कचेरीतील माझ्यासारख्या कारकुनाला दिवाळीत रजा मिळेलच असे नाही. म्हणून दरवर्षी कोणा ओळखीच्याबरोबर आईचा पत्र्याचा डबा यायचा. झाकणाखाली वर्तमानपत्राचा कागद, कडेने चिकटपट्टीचे तीन वेढे. फराळ पुरता निवल्यावाचून ती झाकण लावू देत नसे. कोंडलेल्या वाफेचे पाणी होते, हे तिला अनुभवाने ठाऊक. फ्रान्समधल्या निकोला अपेर या हलवायाचेही ज्ञान याच जातीचे! अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याच्या युक्तीबद्दल १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले; अन्न टिकते का, हे पाश्चरच्या संशोधनाने उलगडले ते अर्धशतकानंतर.

यंदा डब्याऐवजी चकचकीत पिशव्या आल्या. आईच्या बोटांना आता झाकण दाबवत नाही, म्हणून बहिणीने घरचाच फराळ दुकानातून पाकीटबंद करून आणला. आतली हवा ओढून घेतली तर चिवड्याचा चुरा व्हायचा; म्हणून त्याच्या पिशवीत नायट्रोजन भरतात. प्राणवायू नाही, तेव्हा तेल खवट होत नाही. पिशवी फुगलेली राहते, तेव्हा पोहे मोडत नाहीत. ॲल्युमिनियमच्या अस्तरातून दमटपणा शिरत नाही. व्यवस्थेत खोट काढायला जागा नाही. चिवडा काल केल्यासारखा लागला.

परंतु पिशवीला वास होता तो चिवड्याचा, केवळ चिवड्याचा. डबा उघडला की आमच्या स्वयंपाकघरातली हवा बाहेर पडायची. तीत भाजलेले बेसन असे, शेंगदाण्याचे कूट असे, शेजारच्या देवघरातली उदबत्ती असे. ती कोंडून पाठवण्याचा आईचा हेतू नव्हता; डब्यात उरलेली जागा त्या हवेने आपली आपणच भरलेली असे.

रात्री तिचा फोन आला. "सादळला तर नाही ना रे?"

"मुळीच नाही. अगदी कुरकुरीत आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "गेल्या वर्षीचा डबा तुझ्याकडेच आहे ना?"

डबा फळीवर आहे. पुढल्या आठवड्यात तो मुरुक्कूने भरून सोलापूरला धाडायचा आहे. झाकण किती घट्ट बसवावे, एवढेच अजून ठरत नाही. वाटेत येथला पाऊस आत जाता कामा नये, आणि तिला ते उघडताही आले पाहिजे.