आठाच्या घरातले बारा

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ज्या संख्यांना ‘हर्षद’ म्हटले, त्यांची अट साधी आहे: अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला पाहिजे. १२ मधल्या अंकांची बेरीज ३, आणि तीन चोक बारा. म्हणून १२ हर्षद. यावरचा जुना आक्षेप असा, की हा गुण संख्येचा नाहीच, तिच्या लिखाणाचा आहे. आपल्याला दहा बोटे, म्हणून आपण दहाच्या पायावर लिहितो. आठाच्या पायावर लिहिले, तर हेच बारा १४ असे दिसतात: एक आठ आणि वर चार. बेरीज झाली ५, आणि पाचाने बाराला भाग जात नाही. डझनभर केळी तेवढीच राहिली, हर्षदपण मात्र गेले. आक्षेप खरा आहे, तो मला टाळायचा नाही. पण तो मान्य केला की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: पाया कोणताही घेतला तरी हर्षदच राहतात, अशा संख्या किती?

बारा या कसोटीला फार थोडक्यात हुकतात. द्विमानात ते ११००, बेरीज २. पाचाच्या पायात २२, बेरीज ४. साताच्या पायात १५, बेरीज ६. अडतात ते फक्त आठात. आठातच का? चारापेक्षा मोठी कोणतीही सम संख्या घ्या आणि तिच्या निम्म्यात दोन मिळवून येईल तो पाया धरा. बारासाठी तो आठच येतो. या पायात संख्या दोन अंकी होते आणि अंकांची बेरीज निम्म्याहून एकने कमी भरते. मूळ संख्या म्हणजे या बेरजेची दुप्पट अधिक दोन; म्हणून भाग जायचा तर बेरजेने दोनालाही भाग गेला पाहिजे. म्हणजे बेरीज १ किंवा २, आणि चारापुढे टिकते ती एकटी ६. विषम संख्या, एक सोडून, त्याआधीच गळतात: स्वतःहून एकने लहान पायात त्या ११ अशा लिहिल्या जातात, बेरीज २, आणि दोनाने विषमाला भाग जात नाही. उरल्या १, २, ४ आणि ६. त्या चारही सगळ्या पायांत हर्षद आहेत, हे कागदावर पाच मिनिटांत पडताळता येते. अंकांच्या खेळातून निघालेले हे विधान आता कोणाच्याही बोटांवर अवलंबून नाही.

इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्या घेतल्या. चार अंकी संख्यांत एवढ्या दोनच आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत. कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाला यात काही नाही, असे त्यांचे मत. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. आठाच्या पायात पाहा: १०६७ ला ७ ने गुणले की ७६०१. तिनापासून पुढच्या प्रत्येक पायात असे घडते, कारण दोन्हीकडे एकच राशी आहे: पायाचा वर्ग वजा एक, आणि त्या सगळ्याचा वर्ग. दशमानात ती ९९ चा वर्ग, म्हणजेच ९८०१. हार्डींनी हे दहाच्याच पायात तोलले, म्हणून त्यांना योगायोग दिसला.

कोणी म्हणेल, चारच संख्या टिकल्या, तर बाकीच्या हर्षद संख्या वायाच गेल्या. तसे नाही, पाया बदलताना गुण कसा बदलतो, यालाही नियम आहे. दशमानात सलग २० हून अधिक हर्षद संख्या येत नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. पुढच्याच वर्षी ग्रंडमन यांनी दाखवले, की ती मर्यादा कोणत्याही पायात पायाच्या दुप्पट असते: आठाच्या पायात १६, द्विमानात ४.