साप शिकवला, विंचू शिकवला. हे कोण शिकवणार?

मैत्रिणींनो, ‘सुरुंग’ हा शब्द आपल्या सातारा-सांगलीकडच्या बायकांना काही नवा नाही. माण, खटाव, जत, आटपाडी असल्या दुष्काळी तालुक्यांत जिचं माहेर किंवा सासर आहे, तिनं विहिरीचे सुरुंग लहानपणापासून ऐकलेले असतात. मुरूम संपून काळा पाषाण लागला, की पहार-कुदळीचं काही चालत नाही. मग खडकाला भोकं पाडायची, त्यात जिलेटिनच्या कांड्या ठासायच्या, टोपी जोडायची आणि लांबून बार उडवायचा. पण त्याआधी एक माणूस बांधावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडतो, “बार हाय, लांब व्हा रं!” बायका पोरांची बखोटी धरून पळतात, गुरं हाकलली जातात आणि मगच खडक फुटतो. नशीब असलं तर पाणी लागतं. आपल्या कोयनेच्या जलाशयाखाली १९९९ आणि २०१२ साली असाच स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं आणि त्यावर वीज तयार झाली. तेव्हा सुरुंग म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही.

लढाईतल्या सुरुंगाची जात मात्र निराळी. त्याला भूसुरुंग म्हणतात. तिथं आरोळी देणारा कुणी नसतो. ज्याचा पाय पडेल त्याच्यासाठी तो फुटतो. मग तो पाय जवानाचा असो, म्हशीचा असो, नाही तर शाळेत निघालेल्या मुलीचा असो. लढाई संपते, सैन्य परत येतं, तहाची बोलणी होतात. जमिनीतला सुरुंग मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो.

तुम्ही म्हणाल, कुठं ती लढाई आणि कुठं आपलं स्वयंपाकघर! पण आपल्या जिल्ह्यांना असं म्हणून चालत नाही. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाचं नावच ‘आपशिंगे मिलिटरी’. आपल्याकडे गावोगावी कुणाचा ना कुणाचा मुलगा, भाऊ, दीर सीमेवर असतोच.

सांगलीला माझ्या माहेरच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर आपलं सैन्य सीमेवर नेलं गेलं. ‘ऑपरेशन पराक्रम’ असं त्या मोहिमेचं नाव. पंजाब, राजस्थान, जम्मू या भागांत सीमेलगतच्या लांबच लांब पट्ट्यात, लोकांच्या शेतांतसुद्धा भूसुरुंग पुरले गेले. काका त्या कामावर होते. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागं घ्यायचं ठरलं आणि मग पुरलेले सुरुंग काढण्याचं काम पुढं कित्येक महिने चाललं. पुरताना आणि काढतानाही जवान जखमी झाले, दगावले. त्या गावांतली माणसं आणि मुलंही त्यातून सुटली नाहीत.

काका या विषयावर फारसं बोलत नाहीत. एकदा दिवाळीत मीच विषय काढला तेव्हा म्हणाले, “ताई, आमच्याजवळ नकाशा हुता. कुठं किती पुरलं ते समदं लिवून ठेवल्यालं. तारेचं कुंपण हुतं, लाल त्रिकोणाची पाटी हुती. पर शेरडामागं पळणाऱ्या पोराला नकाशा कुठला आन् पाटी कुठली?” काकू सांगतात, नातवंडं अंगणात खेळायला लागली की अजूनही काका त्यांच्या पायांकडेच बघत बसतात.

शिवाय नकाशावर लिहिलेलं तिथंच राहील याचाही भरवसा नाही. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१ या सालांचे कृष्णेचे पूर आपण पाहिले. कुणाची टाकी कुणाच्या परसात आणि कुणाचा ओंडका कुणाच्या ओसरीवर! युरोपात बॉस्निया म्हणून देश आहे. तिथं १९९० नंतरच्या लढाईतले सुरुंग जमिनीत राहून गेले होते. मे २०१४ मध्ये मोठा पूर आला, दरडी कोसळल्या आणि सुरुंग जागचे हलले. खुणेच्या पाट्यासुद्धा वाहून गेल्या. लढाई संपून तेव्हा जवळजवळ वीस वर्षं झाली होती.

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आरोग्य तपासणीच्या दिवशी लहान वर्गातल्या मुलांची वजनं वहीत उतरवून घेण्याचं काम बहुधा माझ्याकडे येतं. १६ किलो, १८ किलो, २० किलो. भूसुरुंगांविषयी वाचत होते तेव्हा कळलं, की काही सुरुंगांना नऊ-दहा किलोंचा दाबही पुरतो. ते आकडे लिहिताना आता ही गोष्ट मनातून जात नाही.

माणसांसाठीचे हे सुरुंग बरेचदा ठार मारण्यापेक्षा जायबंदी करण्यासाठीच बनवलेले असतात. एक जवान जखमी झाला की त्याला उचलायला आणखी दोघं-चौघं अडकतात, असा त्यामागचा हिशेब. पण ज्या स्फोटात मोठ्या माणसाचं पाऊल जातं, त्यात मुलाचा अख्खा पाय जाऊ शकतो. मूल बुटकं, म्हणून त्याचं पोट, चेहरा, डोळे जमिनीच्या जवळ. अंगात रक्त मुळातच थोडं, ते वाहून जायला वेळ लागत नाही. आणि मुलं नुसती चालत नाहीत, उचलून बघतात! अफगाणिस्तानात रशियन फौजांनी विमानांतून टाकलेले प्लॅस्टिकचे छोटे सुरुंग होते. पंखांसारख्या आकारामुळे त्यांना ‘फुलपाखरू’ म्हणत. कित्येक मुलांनी ते खेळणं समजून हातात घेतले. जगभरातल्या भूसुरुंगांच्या बळींची दरवर्षी मोजदाद होते. त्यात बहुसंख्य सामान्य नागरिकच असतात, आणि ज्यांचं वय नोंदलेलं असतं अशा नागरिकांपैकी काही वर्षी निम्मी मुलं निघाली आहेत.

जीव वाचला तरी गोष्ट संपत नाही, कारण मूल वाढत असतं. गेल्या वर्षीचा स्वेटर आखूड झाला तर आपण तो उसवून मोठा विणतो. कृत्रिम पायाचं तसं नाही. वाढत्या मुलाला सहा महिन्यांनी, वर्षानं नवा पाय लागतो. आत हाड वाढतं, वरचं कातडं त्या मानानं वाढत नाही, मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. रेड क्रॉसनं एक हिशेब मांडला होता. दहा वर्षांच्या मुलाचा पाय गेला आणि ते पुढं चाळीस-पन्नास वर्षं जगलं, तर त्याला आयुष्यात सुमारे २५ कृत्रिम पाय लागतील! संयुक्त राष्ट्रांचा हिशेब आणखी वेगळा. एक सुरुंग बनवायला अवघे तीन डॉलरही पुरतात आणि तोच शोधून काढायला ३०० ते १००० डॉलर लागतात. पुरणाऱ्याला स्वस्त आणि आईबापांना महाग, असा हा सौदा.

अशा माणसांना उभं करण्याचं मोठं काम आपल्या देशात झालं आहे, हेही सांगितलं पाहिजे. पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेला ‘जयपूर फूट’ घालून उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. म्हणूनच अफगाणिस्तान आणि कंबोडियातल्या सुरुंगग्रस्तांनाही तो उपयोगी पडला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये आपल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं, तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले. त्याच स्पर्धेत गोळाफेकीच्या दुसऱ्या गटात नागालँडच्या होकाटो सेमानं कांस्यपदक मिळवलं. हा सेमा सैनिक. २००२ साली काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ भूसुरुंगावर त्याचा पाय गेला होता.

आता जरा घराजवळ येऊ. आपल्या भागात लढाई नाही, पण स्फोटकं आहेत. विहिरीचं काम संपलं की उरलेली एखादी कांडी, एखादी टोपी बांधावर, गोठ्याच्या आढ्यात, नाही तर खोक्यात पडून राहते. टोपी दिसायला किती साधी! बोटाएवढी चकचकीत नळी आणि तिला दोन रंगीत वायरी. आमच्या शाळेत दुष्काळी भागातून आलेला एक मुलगा आहे. त्याला अशीच एक नळी सापडली. दिवा लागतो का बघावं म्हणून त्यानं वायरी बॅटरीच्या सेलला लावल्या. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. आता तो डाव्या हातानं लिहितो. अक्षर वळणदार काढतो. पण शर्टाचं वरचं बटण अजून शेजारच्या मुलाकडून लावून घेतो.

त्याची आई शाळेत आली होती, तेव्हा माझ्याजवळ म्हणाली, “बाई, मी त्याला साप वळखायला शिकवला, इच्चू शिकवला, चुलीपास्नं लांब ऱ्हायला शिकवला. ह्ये मलाच ठावं न्हवतं, तर त्याला काय शिकवू?” मैत्रिणींनो, यावर मला काही बोलता आलं नाही. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

आणखीही प्रकार आहेत. रानडुकरं मारण्यासाठी काही लोक खाद्याच्या गोळ्यात दारू भरून ‘गावठी बॉम्ब’ शिवारात ठेवतात. हा गुन्हा आहे. आणि त्यात गाय तोंड घालते, कुत्रं घालतं, मुलाचा हातही जाऊ शकतो. केरळात २०२० साली फटाके भरलेलं फळ खाऊन एक गाभण हत्तीण तडफडून मेली, ते आठवत असेल. लष्कराच्या सराव मैदानांजवळच्या गावांत न फुटलेले गोळे भंगारासाठी उचलताना माणसं गेल्याच्या बातम्याही आपण वाचतो. आणि आपल्याच राज्यात गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगानं १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक यांचे प्राण घेतले. तिथल्या मुलांनाही शाळेत जायला रस्तेच लागतात.

जगानं यावर काही केलं नाही असं नाही. १९९७ साली भूसुरुंगबंदीचा करार झाला आणि १९९९ पासून तो लागू झाला. दीडशेहून अधिक देश त्यात आले. त्या चळवळीला १९९७ चं शांततेचं नोबेल मिळालं. आफ्रिकेतला मोझांबिक देश २०१५ साली सुरुंगमुक्त जाहीर झाला. कंबोडियात तर ‘मगावा’ नावाच्या एका उंदरानं नुसत्या वासावर ७१ सुरुंग शोधून काढले. वजन इतकं कमी, की तो वरून गेला तरी सुरुंग फुटत नसे. मुलांना हे सांगितलं तेव्हा एक म्हणाला, “बाई, गणपतीनं बरोबर वाहन निवडलंय!” पण २०२५ मध्ये रशियाच्या धास्तीनं पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक देशांनी करारातून बाहेर पडायचं ठरवलं. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आणि आपला भारत यांनी त्यात कधी भाग घेतलेलाच नाही.

भारतानं सही करावी का, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “रातच्याला जिथनं घुसखोर येत्यात, तिथं पहाऱ्याला जो उभा ऱ्हातो त्याला इचार.” त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. ज्यांचा मुलगा त्या पहाऱ्यावर आहे त्या आईचंही मन मला समजतं. पण एवढं तर मागता येईल, की जो सुरुंग पुरेल त्यानं तो काढण्याची, आणि ज्या मुलाचा पाय जाईल त्याला शेवटपर्यंत पाय पुरवण्याची जबाबदारी आधीच पत्करावी.

आणि आपल्या हातात काय आहे? आजच संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन चार गोष्टी सांगा. शेतात, ओढ्याकाठी, भंगारात ओळखीची नसलेली वस्तू दिसली, वायरी लोंबत असल्या, तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, घरी आणायची नाही. आलेल्या पावलांनी मागं फिरायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. मोठ्यांनी ११२ नंबरवर पोलिसांना कळवावं. विहिरीचं काम झालं की ठेकेदाराला ठणकावून विचारा, “टोप्या किती आणल्या, किती वापरल्या, उरलेल्या कुठं आहेत?” न फुटलेला बार तसाच सोडून जाऊ देऊ नका. दिवाळीत न उडालेला फटाका मुलांना उचलू देऊ नका.

एवढं करूनही अपघात झालाच, तर वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. डोळ्यात काही घुसलं असेल तर ते उपटू नका, डोळा चोळू नका, दाबू नका. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. हळद, चुन्याच्या भानगडीत न पडता लगेच दवाखाना गाठा.

त्या मुलाच्या आईला मी आता हे सगळं सांगितलं आहे. तिनं ते आपल्या वस्तीवरच्या बायकांना सांगितलं. तुम्हीही पाण्यावर, भिशीत, हळदीकुंकवाला भेटाल तेव्हा चार जणींच्या कानांवर घाला.