मोरीमागची गुलबक्षी

आमच्या घरी बाग म्हणावी अशी कधी नव्हती. मोरीचं पाणी मागल्या अंगाला जिथं वाहायचं, तिथं आईची गुलबक्षी होती, तेवढीच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा आईनं पदराच्या गाठीत बी बांधून आणली होती. काळी, खरबरीत, अगदी मिऱ्यासारखी. दुकानात मिरी बघितली की मला अजून गुलबक्षीच आठवते. बी रात्रभर भिजवायची, मृगाच्या तोंडावर बोटाच्या पेराएवढ्या खड्ड्यात टाकायची. आठ-दहा दिवसांत कोंब वर. एकदा धरली की दरसाल पेरायचं कामच नाही.

"तिला काय लागतंय? मोरीचं पाणी पिती अन् सांजंला फुलती," आई म्हणायची.

चारच्या सुमाराला फुलं उमलायची. घरात घड्याळ नव्हतं. शेरडांच्या धारेची वेळ आई फुलांवरूनच धरायची. फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याची वेणी करायला तिनं आक्काला शिकवलं. स्वतः मात्र माळायची नाही. वडील गेल्यापासून तिनं फूल माळलं नाही, हे ध्यानात यायला मला मिशा फुटाव्या लागल्या.

१९७२ च्या दुष्काळात मोरीलाच पाणी नव्हतं, तर गुलबक्षीला कुठलं? झाडं वाळून मोडून पडली. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पुढच्या साली पाऊस पडला आणि त्याच जागी कोंब आले. खाली कंद जिता होता. आई कोंबांपाशी उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत राहिली.

पुढं नोकरीच्या पैशातून मी पक्कं न्हाणीघर बांधलं. पाया खणताना गड्यानं मनगटाएवढे कंद उपटून उकिरड्यावर टाकले. मीच सांगितलं होतं. आई काही बोलली नाही. त्या पावसाळ्यात दिवस कलला की मागल्या दारात बसायची, सिमेंटकडे तोंड करून.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत लुगड्याच्या चिंधीत गाठ मारलेली बी सापडली. किती वर्षांची, कोण जाणे. तेवीस टाकल्या, चार उगवल्या. त्यांतली एक पिवळी. आईकडं पिवळी कधी नव्हती, असं मी आक्काला फोनवर म्हणालो.

"व्हती की," आक्का म्हणाली. "तू न्हाणीघर बांधलंस ना, त्याच्या आदल्या साली आल्ती."