शनवार तेल्यांच्या घरचे दुखवटे

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, शनवार तेली म्हणून एक समाज होता. तेलाचा घाणा चालवायचा, पण शनिवारी बैल सोडून ठेवायचा, म्हणून हे नाव. धर्म यहुदी, घरात बोली मराठी, आडनावे गावांवरून पडलेली: रोहेकर, पेणकर, किहिमकर. आपण त्यांना बेने इस्राएल म्हणतो. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. थोडी घरे मागे राहिली.

नोकरीच्या सुरुवातीला माझी नेमणूक अलिबागकडे होती. कचेरीतल्या अशाच एका सहकाऱ्याचे वडील वारले. मी सोलापूरचा गडी, त्यांच्या चालीरीती मला कुठून ठाऊक असणार? भेटायला जाताना सांत्वनाची चार वाक्ये मनाशी जुळवत गेलो. तो खाली जमिनीवर बसला होता. सदरा छातीपाशी फाडलेला. आलेली माणसे नुसती बसून होती. शेजारच्या काकांनी हळूच सांगितले, घरच्याने तोंड उघडल्याशिवाय आपण बोलायचे नाही. माझी चारही वाक्ये तशीच राहिली. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "बाबांना तुमच्याकडची शाळूची भाकरी फार आवडायची." मग बोलणे निघाले.

सात दिवस तो घराबाहेर पडला नाही. दफनानंतरचे पहिले जेवण त्या घरात शिजवायचे नसते, ते शेजाऱ्यांनी आणायचे. त्यात अंडी, मसूर असे काही असते. मला आपला कडू घास आठवला. आईबापांसाठी फाडलेला कपडा पुढे कधीही नीट शिवत नाहीत, टाके घातले तरी ती चीर दिसत राहते.

त्यानंतर मुलगा अकरा महिने कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतो. तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, सगळी देवाची स्तुती. पण ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा पुरुष जमावे लागतात. गावात दोन-तीनच घरे उरली तर दहा कुठून आणायचे? माझा सहकारी आसपासच्या गावांतून माणसे गोळा करी. कुणाला एसटीचे भाडे देई, कुणाला सायकलवर बसवून आणी. एरवी कुणापुढे हात न पसरणारा माणूस. पण यात त्याला कमीपणा वाटत नसे, आणि येणारेही उपकार केल्यासारखे वागत नसत.

त्यानेच मला तालमूद या त्यांच्या ग्रंथातली हकिगत सांगितली. पूर्वी दुःखाच्या घरी श्रीमंताकडे जेवण सोन्या-चांदीच्या टोपल्यांतून जाई आणि गरिबाकडे सोललेल्या काटक्यांच्या टोपलीतून. गरिबांना लाज वाटू लागली, तेव्हा ठरले की सर्वांकडे काटक्यांचीच टोपली जायची. अंत्यविधीचा खर्चही इतका वाढला होता की नातलगांना तो मरणाहून जड वाटे, काही तर प्रेत टाकून निघून जात. तेव्हा रब्बन गमलिएल या थोर पुढाऱ्याने स्वतःला साध्या तागाच्या कपड्यात नेण्यास लावले आणि पुढे सगळ्यांनी तीच रीत धरली. ही गोष्ट सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची. मला यातले विशेष वाटते ते हे, की गरिबाला कुणी चांदीची टोपली देऊ केली नाही. श्रीमंताचीच काढून घेतली.

आपल्याकडेही माणसे विचार करू लागली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव करून नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद केले. तो ठराव राज्यभर गाजला. दहाव्या-तेराव्याच्या पंगतीबद्दल मात्र आमच्या भागात अजून कुणी फारसे बोलत नाही. मंडप, आचारी, गोडधोड. बुंदी केली नाही तर भावकीत नाव निघते.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका बाईने नवऱ्याच्या दहाव्यासाठी ऐन रब्बीच्या तोंडावर दुभती म्हैस विकली. पुढे हरभऱ्याच्या बियाण्याची चौकशी करायला ती आली, तेव्हा मी विचारले, पेरणीला कोण आहे? ती म्हणाली, "साहेब, पंगतीला तीनशे पान उठलं. पेरायला माझा भाऊ येणार हाय, शेटफळवरनं."